मूत्राशय काढण्याचा निर्णय : केव्हा, कशाच्या आधारे आणि कोणाचा?

काही शस्त्रक्रियांविषयी रुग्णाला फारसे समजावून सांगावे लागत नाही. आतड्याला पीळ पडला, अपेंडिक्स फुटले, हाड मोडले, की रुग्णच 'डॉक्टर, काय ते लवकर करा' म्हणून विनवतो. तेथे वेदनाच आपली बाजू मांडत असते. मूत्राशयाच्या कर्करोगाची गोष्ट नेमकी उलट आहे. मूत्राशय काढून टाकणे ज्या वेळी सर्वांत हिताचे असते, त्या वेळी रुग्णाला पुष्कळदा काहीच त्रास नसतो. तो चालत दवाखान्यात येतो, शेतावर जातो, दोन वेळ नीट जेवतो. अशा माणसाला आपण सांगतो, की तुमचा एक अवयव समूळ काढावा लागेल आणि यापुढे लघवी पूर्वीच्या वाटेने होईलच असे नाही. त्याला ते पटत नाही, यात नवल ते काय?

जोयडा तालुक्यात सर्वसाधारण वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या माझ्यासारख्याने या विषयावर लिहावे, हा अधिकार मूत्ररोगतज्ज्ञांचा, असे कोणी म्हणेल. शस्त्रक्रिया तज्ज्ञांनीच करायची आहे, हे उघडच आहे. परंतु निर्णय शस्त्रक्रियागृहात होत नाही. तो रामनगर, जगलबेट, कुंभारवाडा किंवा उळवीकडच्या एखाद्या घरात, पडवीत बसून होतो, आणि त्याआधी घरातले कोणीतरी तज्ज्ञांनी दिलेला कागद घेऊन आपल्याकडे येते व विचारते, "डॉक्टर, तुम्ही काय म्हणता?" त्या प्रश्नाला आपण काय उत्तर देतो, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. म्हणून हा लेखनप्रपंच.

रक्त दिसले, तेथून

या रोगाचे पहिले लक्षण बहुधा एकच: लघवीतून रक्त जाणे, आणि तेही न दुखता. एकदा दिसते व आपोआप थांबते. आपल्याकडे 'उन्हाळी लागली असेल' म्हणून कोकमाचे सरबत, धन्याचे पाणी सुरू होते. पुरुषांत मुतखड्याचा संशय घेतला जातो. स्त्रियांच्या बाबतीत तर जंतुसंसर्ग किंवा पाळीचा बिघाड समजून प्रतिजैविकांच्या दोन-तीन फेऱ्या होतात आणि मौल्यवान महिने निघून जातात. चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या लघवीतून वेदनेशिवाय रक्त गेले, तर सोनोग्राफी आणि दुर्बिणीची तपासणी झालीच पाहिजे. मग रक्त थांबलेले असो वा नसो. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या बाबतीत तर हा नियम अधिकच कडक हवा. या कर्करोगाच्या सुमारे निम्म्या रुग्णांमध्ये तंबाखूचा धूर हे कारण असते. धुरातील विषारी द्रव्ये रक्तातून गाळली जाऊन लघवीत उतरतात आणि मूत्राशयात तासन् तास साठून राहतात.

निदान होते तेव्हा साधारण चारांतील तिघांचा रोग आतल्या अस्तरापुरताच असतो, स्नायूत शिरलेला नसतो. दुर्बिणीतून गाठ खरवडून काढता येते. रुग्ण दोन दिवसांत घरी येतो आणि सारे संपले असे समजतो. परंतु परत उगवणे हा या रोगाचा स्वभावच आहे. युरोपातील सात चाचण्यांतील २,५९६ रुग्णांच्या अनुभवावरून २००६ साली जे कोष्टक प्रसिद्ध झाले, त्यात पाच वर्षांत रोग परत येण्याचा संभव सौम्य गटात ३१ टक्के, तर तीव्र गटात ७८ टक्के होता. मात्र रोग खोल स्नायूत शिरण्याचा संभव सौम्य गटात एक टक्क्याहूनही कमी आणि तीव्र गटात ४५ टक्के होता.

या आकड्यांतील भेद सामान्य वाचकांनीही ध्यानी घ्यावा. 'परत आला' हा शब्द एकच असला, तरी सगळे परत येणे सारखे नसते. निम्न प्रतीच्या पेशींची छोटी गाठ चार वेळा उगवली व चार वेळा खरवडून काढली, तर ते कंटाळवाणे असेल, पण तेवढ्यासाठी मूत्राशय काढण्याचे कारण नाही. याउलट उच्च प्रतीच्या पेशी अस्तराखालच्या थरात पोहोचल्या असतील, सोबत 'कार्सिनोमा इन सिटू' नावाचा सपाट पसरलेला रोग असेल आणि बीसीजीचे पुरेसे उपचार होऊनही तो परतला असेल, तर ती धोक्याची घंटा आहे.

व्यवसायबंधूंना माझी विनंती आहे, की रुग्णाने आणलेला पेशीतपासणीचा अहवाल केवळ शेवटची ओळ वाचून परत देऊ नये. पेशींची प्रत उच्च की निम्न, रोगाची खोली किती, आणि तपासलेल्या तुकड्यात स्नायूचा थर आला आहे काय, या तीन गोष्टी पाहाव्यात. तुकड्यात स्नायू आलेलाच नसेल, तर 'स्नायूत रोग नाही' या दिलाशाला काही अर्थ नाही. अशा वेळी, आणि अस्तराखाली रोग गेलेला असतानाही, दोन ते सहा आठवड्यांत पुन्हा दुर्बिणीने खरवडून खात्री करून घेणे आवश्यक असते.

वाट पाहण्याची किंमत

अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री यांची हकीगत या संदर्भात फार बोलकी आहे. १९६७ साली, पदावर असतानाच, त्यांच्या लघवीतून रक्त गेले. पेशी संशयास्पद होत्या, पण कर्करोग म्हणावा की नाही याविषयी तज्ज्ञांचे एकमत होईना. तपासण्या चालू राहिल्या. १९७३ मध्ये किरणोपचार झाले. अखेर ऑक्टोबर १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग रुग्णालयात त्यांचे मूत्राशय काढण्यात आले. तोवर रोग खोलवर गेला होता. जानेवारी १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे १९९४ साली जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी १९६७ च्या जपून ठेवलेल्या नमुन्यातील पेशी नव्या तंत्राने तपासल्या. १९७६ च्या गाठीत जो जनुकीय बदल होता, तोच नऊ वर्षांपूर्वीच्या त्या पेशींतही सापडला. एवढ्या मोठ्या पदावरच्या माणसाला जगातील उत्तम वैद्यकीय साहाय्य उपलब्ध असूनही वेळ निघून गेली.

एका रुग्णाच्या कथेवरून सिद्धान्त मांडू नये, हे खरे. परंतु त्याच रुग्णालयातील हेर व सोगानी यांनी २००१ मध्ये बीसीजीनंतर रोग परतल्यामुळे मूत्राशय काढावे लागलेल्या ९० रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा पहिल्या बीसीजीपासून दोन वर्षांच्या आत शस्त्रक्रिया झालेले रुग्ण उशिरा शस्त्रक्रिया झालेल्यांपेक्षा अधिक जगल्याचे दिसले. दक्षिण कॅलिफोर्नियातील १,०५४ रुग्णांच्या अनुभवात दहा वर्षांनंतरही सुमारे दोन तृतीयांश रुग्ण रोगमुक्त होते. पण लसिकाग्रंथींत रोग गेलेल्यांत पाच वर्षांनी हे प्रमाण जेमतेम ३५ टक्के उरले. शस्त्रक्रिया तीच होती. फरक होता तो वेळेचा.

मूत्राशय राखणे हे एक व्रत आहे

बीसीजी म्हणजे क्षयरोगावरची आपल्या परिचयाची लस. ती मूत्राशयात सोडल्यास रोग आटोक्यात येतो, हे कॅनडातील डॉ. मोरालिस यांनी १९७६ मध्ये प्रथम दाखवले. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट हे औषध बनवते. आजही या रोगावर बीसीजीएवढे भरवशाचे दुसरे औषध क्वचितच आहे. परंतु त्याचा पूर्ण क्रम काय आहे? आरंभी सहा आठवडे दर आठवड्याला एक मात्रा. मग तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात आणि पुढे तीन वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी तीन-तीन मात्रा. एकूण सत्तावीस. शिवाय पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी दुर्बिणीची तपासणी.

आता हा हिशेब आपल्या तालुक्याला लावून पाहा. काळी नदीच्या खोऱ्यातील, व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात विखुरलेल्या वाड्यांतून बेळगाव, धारवाड, हुबळी किंवा गोव्यातील बांबोळी गाठायची म्हणजे पहाटे निघायचे आणि बस मिळाली तर रात्री परतायचे. अशा तीसेक फेऱ्या तीन वर्षांत. प्रत्येक फेरीत रुग्णासोबत एक माणूस, म्हणजे दोघांची मजुरी बुडाली. त्यात लावणीचे दिवस, मुसळधार पाऊस, बंद पडणारे घाटरस्ते. मी असे रुग्ण पाहिले आहेत, की ज्यांच्या सहा मात्रा पूर्ण झाल्या, रक्त थांबले आणि नंतर दीड वर्ष ते कुठेच गेले नाहीत. त्यांच्या कागदावर 'मूत्राशय राखून उपचार' असे लिहिलेले असते. प्रत्यक्षात तो उपचार नसून केवळ निष्काळजी वाट पाहणे असते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की मूत्राशय राखण्याचा पर्याय रुग्णापुढे ठेवताना तो 'शस्त्रक्रिया टाळण्याचा सोपा मार्ग' म्हणून ठेवू नये. ते एक व्रत आहे आणि त्यात खंड पडला तर त्याचे फळ मिळत नाही. ज्याला हे व्रत पाळणे शक्य आहे, त्याने ते अवश्य पाळावे. ज्याची परिस्थिती तशी नाही आणि ज्याचा रोग उच्च प्रतीचा आहे, त्याच्यासाठी वेळीच केलेली एक मोठी शस्त्रक्रिया अधिक सुरक्षित ठरण्याचा संभव आहे. शहरातील तज्ज्ञांना रुग्णाच्या वाडीचा रस्ता ठाऊक नसतो. तो आपल्याला ठाऊक असतो, आणि ही माहिती तज्ज्ञांच्या कानी घालणे आपले काम आहे.

शस्त्रक्रियेविषयी पूर्ण सत्य

शस्त्रक्रियेची भलामण करताना तिची बाजू झाकूनही चालणार नाही. ही मोठी शस्त्रक्रिया आहे. पुरुषांत मूत्राशयाबरोबर प्रोस्टेट ग्रंथी व वीर्यकोश काढले जातात आणि लैंगिक क्षमता बहुधा बाधित होते. स्त्रियांत पुष्कळदा गर्भाशय, बीजकोश व योनिमार्गाचा पुढचा भाग काढावा लागतो. न्यूयॉर्कच्या त्याच संस्थेने २००९ मध्ये १,१४२ रुग्णांचा काटेकोर हिशेब मांडला. पहिल्या नव्वद दिवसांत ६४ टक्के रुग्णांना काही ना काही उपद्रव झाला. गंभीर उपद्रवांचे प्रमाण १३ टक्के होते. अशी शस्त्रक्रिया जेथे वारंवार होते तेथेच ती करून घ्यावी. तत्पूर्वी रक्तक्षय, मधुमेह व कुपोषण यांची दुरुस्ती करावी आणि विडी कायमची सोडावी.

मूत्राशय काढल्यावर लघवीची व्यवस्था मुख्यतः दोन प्रकारे होते. पहिली, १९५० साली ब्रिकर यांनी रूढ केलेली: लहान आतड्याचा वीतभर तुकडा घेऊन त्यात मूत्रनलिका जोडायच्या व त्याचे तोंड पोटावर काढायचे. त्यावर पिशवी चिकटवावी लागते. दुसरी, आतड्याच्या अर्ध्या मीटरहून अधिक लांबीच्या भागापासून नवे मूत्राशय शिवून ते मूळ मार्गाला जोडायचे. ही दुसरी पद्धत ऐकायला अधिक चांगली वाटते, पण तिच्या अटी आहेत. मूत्रपिंडे चांगली हवीत, मूत्रमार्ग रोगमुक्त हवा, रात्री गजर लावून उठण्याची तयारी हवी आणि वेळ आली तर स्वतः नळी घालून लघवी काढता आली पाहिजे. रक्तातील आम्लता व बी-१२ जीवनसत्त्व यांवर कायम लक्ष ठेवावे लागते. पोटावरच्या पिशवीचा मार्ग शरीराला सोपा, पण मनाला अवघड आणि खिशाला कायमचा भार.

येथे भाषेचाही एक घोटाळा आहे. आपल्याकडे 'पिशवी काढली' म्हटले, की बायका गर्भाशय काढले असे समजतात. मूत्राशयालाही आपण 'लघवीची पिशवी' म्हणतो, आणि पोटावर लावायची तीही पिशवीच. 'पिशवी काढून पिशवी लावणार' हे वाक्य ऐकून मान डोलावणाऱ्या रुग्णाला काय समजले असेल, याचा विचार करावा. चित्र काढून दाखवावे, आणि मग त्यालाच सांगायला लावावे, की काय काढणार, लघवी कोठून होणार. त्याने आपल्या शब्दांत सांगितल्याशिवाय संमतीपत्रावरील अंगठ्याला मोल नाही.

पोटावरील तोंडाची जागाही शस्त्रक्रियेपूर्वीच खुणावून घ्यावी लागते. रुग्णाला झोपवून केलेली खूण पुरेशी नाही. त्याला बसवून, उभे करून आणि भातलावणीला वाकतो तसे वाकवून ती जागा पाहावी. धोतराची गाठ किंवा आमच्या कुणबी भगिनींच्या लुगड्याचा कमरेचा वेढा कोठे येतो, हे ध्यानात घ्यावे. एवढ्या एका गोष्टीवर पुढची वीस वर्षे पिशवी गळणार की टिकणार, हे ठरते. रुग्णाने शस्त्रक्रियेला जाताना आपला नेहमीचा पोशाख सोबत न्यावा, असे मी आवर्जून सांगतो.

अन्य पर्याय

रोग स्नायूत शिरला असला, तरी प्रत्येकाचे मूत्राशय काढावेच लागते असे आता राहिलेले नाही. गाठ एकच असेल, फार मोठी नसेल आणि ती पूर्ण खरवडता येत असेल, तर त्यानंतर किरणोपचार व केमोथेरपी एकत्र देण्याचा पर्याय आहे. २०२३ मध्ये उत्तर अमेरिकेतील तीन केंद्रांतील ७२२ निवडक रुग्णांच्या तुलनेत हे उपचार आणि शस्त्रक्रिया यांचे पाच वर्षांचे निष्कर्ष जवळजवळ सारखे आले. मात्र मूत्राशय राखलेल्यांपैकी १३ टक्के रुग्णांना पुढे शस्त्रक्रिया करावीच लागली. बीसीजीला दाद न देणाऱ्या रोगासाठी २०२० नंतर अमेरिकेत काही नवी औषधेही मान्य झाली आहेत. परंतु त्यांची किंमत आपल्या बहुतेक रुग्णांच्या आवाक्याबाहेरची आहे. शस्त्रक्रियाच करायची, तर स्नायूत शिरलेल्या रोगात आधी केमोथेरपी देण्याचा लाभ सिद्ध झालेला आहे. ती नसेल, तर निदानापासून तीन महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी. त्याहून अधिक विलंब जीवघेणा ठरतो.

साधनांचाही विचार करू. कारवारला २०१६ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरीही जिल्ह्यात सुसज्ज रुग्णालय हवे, म्हणून येथील जनतेला २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये आवाज उठवावा लागला. बेळगावात केएलई संस्थेच्या कर्करोग रुग्णालयाचे उद्घाटन जानेवारी २०२५ मध्ये झाले, ही आपल्या भागासाठी जमेची बाजू. 'आयुष्मान भारत - आरोग्य कर्नाटक' योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. शिधापत्रिका व सरकारी रुग्णालयाचे शिफारसपत्र वेळेवर मिळवून देणे, एवढ्या कामानेही आपण कित्येकांचे महिने वाचवू शकतो.

लाज आणि मौन

या शस्त्रक्रियेच्या आड येणारी सर्वांत मोठी अडचण पैशाची नाही, ती लाजेची आहे. अंगाला वास येईल, लोक काय म्हणतील, देवळात जाता येईल का, मुलीचे लग्न अडेल का, हे प्रश्न रुग्ण तज्ज्ञांना विचारत नाहीत. म्हणूनच श्री. महेश मांजरेकर यांच्यासारख्या ज्ञात व्यक्तीने उघडपणे बोलणे मला महत्त्वाचे वाटते. २०२१ मध्ये त्यांना मूत्राशयाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. केमोथेरपी चालू असतानाही त्यांनी 'अंतिम' चित्रपटाचे काम सोडले नाही. वजन पस्तीस किलोंनी घटले, मुंबईत मूत्राशय काढण्याची शस्त्रक्रिया झाली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चित्रपट प्रदर्शितही झाला. हे सारे त्यांनी पत्रकारांपुढे सांगितले. मुंबईच्या नामवंत कलावंताची साधने आपल्या शेतकऱ्याजवळ नाहीत, हे मान्य; पण 'मूत्राशय गेले म्हणजे माणूस संपला' ही समजूत त्या एका उदाहरणाने खोटी ठरते. आपल्या भागातही ही शस्त्रक्रिया होऊन शेती करणारी माणसे आहेत. त्यांची संमती घेऊन नव्या रुग्णाशी गाठ घालून द्यावी. दहा डॉक्टरांच्या समजावण्यापेक्षा अशी एक भेट अधिक काम करते.

निर्णय कोणाचा?

"डॉक्टर, तुमचा सख्खा भाऊ असता तर तुम्ही काय केले असते?" हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकला आहे. काही व्यवसायबंधू तो टाळतात. माझ्या मते तो टाळू नये. रुग्ण आपल्यावर निर्णय ढकलत नाही, तो सोबत मागत असतो. आपले मत प्रामाणिकपणे सांगावे, मात्र त्यामागची कारणेही सांगावीत आणि मग त्याला विचार करायला आठ-पंधरा दिवस द्यावेत. ऐंशीच्या घरातले एखादे आजोबा सर्व समजून-उमजून 'मला ही शस्त्रक्रिया नको' म्हणाले, तर त्यांना हट्टी ठरवू नये. रक्तस्राव व वेदना यांवर अखेरपर्यंत उपचार करणे हेही वैद्यकच आहे. मात्र नकार समजून दिलेला असावा, भीतीपोटी किंवा मुलांच्या खर्चाच्या धास्तीने दिलेला नसावा. पुष्कळदा घरात मुलगे व जावई चर्चा करतात आणि ज्याचे शरीर तो कोपऱ्यात गप्प बसलेला असतो. प्रथम त्याला एकट्याला विचारावे.

आपला तालुका हे चांगले जाणतो. १९८७ मध्ये पूर्ण झालेल्या धरणाच्या पाण्याखाली जुने सुपा गाव गेले आणि माणसे रामनगरला येऊन राहिली. घर सोडून पुन्हा उभे राहता येते, हे त्यांनी दाखवले; पण त्या वेळी आपल्याला कोणी विचारले नाही, ही खंत वृद्धांच्या बोलण्यात आजही येते. शरीराच्या बाबतीत तरी ती खंत कोणाच्या वाट्याला येऊ नये.

मूत्राशय वाचवणे हे आपले ध्येय नव्हे आणि मूत्राशय काढणे हेही नव्हे. माणूस वाचावा आणि त्याने आपल्या मनाने निवडलेले आयुष्य जगावे, हे ध्येय आहे. त्यासाठी लघवीतील रक्ताकडे पहिल्याच दिवशी लक्ष देणे, अहवाल नीट वाचणे, दोन्ही वाटा खऱ्या खर्चासह व खऱ्या अंतरासह समोर मांडणे आणि निर्णय वेळेत व्हावा म्हणून पाठपुरावा करणे, एवढे आपल्या हाती आहे. आपल्या संस्थेने तालुक्यातील अशा रुग्णांची एक पाठपुरावा-वही ठेवावी आणि ज्याची तपासणी चुकली त्याच्या घरी निरोप धाडावा, अशी सूचना करून हे विवेचन संपवतो. या कामाला मोठ्या यंत्रसामग्रीची गरज नाही. एक वही, एक दूरध्वनी आणि थोडी आस्था पुरेशी आहे.